ब्राइस मनोरुग्णालयाचं प्रकरण: ९९ जणांची कपात आणि ३३ वर्षांचा खटला

१९७० साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सिगारेटवरच्या करातून मानसिक आरोग्य खात्याच्या वाट्याला येणारा पैसा घटला. खात्याने खर्चाला कात्री लावली आणि टस्कलूसा इथल्या ब्राइस या सरकारी मनोरुग्णालयातले ९९ कर्मचारी कामावरून कमी झाले. तेव्हा तिथे सुमारे ५,००० रुग्ण होते आणि सुमारे १,६०० कर्मचारी. १,६०० मधले ९९ म्हणजे सहा टक्के. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात ही कपात किरकोळच वाटते. पण या ९९ नावांच्या यादीतून जो खटला उभा राहिला, तो ३३ वर्षं चालला, आणि मनोरुग्णालयात किती माणसं कामाला हवीत हे आकड्यांत लिहून देण्याची वेळ एका न्यायाधीशावर आली.

यादी नीट पाहिली की कपातीचा खरा अर्थ कळतो. ९९ पैकी ४१ जण स्वयंपाकघर, देखभाल, टंकलेखन अशा कामांवर होते. २६ जण रुग्णांचे खेळ, करमणूक, हातकाम असे उपक्रम चालवत. उरलेल्या ३२ मध्ये मानसशास्त्र विभागातले ९, समाजसेवा विभागातले ११, ३ परिचारिका, २ डॉक्टर, १ दंतवैद्य आणि ६ दंत-सहायक. म्हणजे जे रुग्णाशी बोलायचे, त्याच्या घरच्यांशी संपर्क ठेवायचे, त्याला खाटेवरून उठवून काहीतरी करायला लावायचे, त्यांचाच या यादीत मोठा भरणा होता. टाळेबंद वॉर्डाचं दार सांभाळणारा माणूस काढता येत नाही. त्याच्या नसण्याचा परिणाम त्याच रात्री दिसतो. समाजसेविका काढली तर तो दिसायला सहा महिने लागतात. जो रुग्ण घरी जाऊ शकला असता तो जात नाही, एवढंच होतं, आणि हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नोंदलं जात नाही. पैशाची टंचाई आली की मनोरुग्णालयात उपचार आधी आटतात आणि राखण शेवटपर्यंत टिकते, त्याचं कारण हे आहे.

कपातीनंतर ब्राइसमध्ये थेट मानसोपचाराच्या कामाला किती तज्ज्ञ उरले, हे न्यायालयाने आपल्या निकालातच नोंदवलं आहे. डॉक्टरेट असलेला एक चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मनोविकारशास्त्राचं थोडंफार प्रशिक्षण झालेले तीन डॉक्टर, आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेले दोन समाजसेवक. तीन डॉक्टरांपैकी एकही मान्यताप्राप्त मनोविकारतज्ज्ञ नव्हता, एक जण फक्त त्या मान्यतेच्या परीक्षेला बसायला पात्र होता. एकूण सहा माणसं आणि ५,००० रुग्ण. दर तीन रुग्णांमागे एक कर्मचारी, असंही याच रुग्णालयाचं वर्णन करता आलं असतं. आणि दर आठशेहून अधिक रुग्णांमागे उपचार करणारा एक, असंही. दोन्ही आकडे खरे आहेत. म्हणून 'कर्मचारी-रुग्ण प्रमाण' असा एकच आकडा कुणी समोर ठेवला की त्यात कोण कोण मोजलंय हे आधी विचारायला हवं.

खटला २३ ऑक्टोबर १९७० रोजी फेडरल न्यायालयात दाखल झाला. वादी दोन प्रकारचे होते: नोकरी गेलेले कर्मचारी आणि रुग्णांच्या वतीने काही जण. रुग्णांमधलं पहिलं नाव रिकी वायट या मुलाचं. तो १५ वर्षांचा होता. त्याला कुठल्याही मानसिक आजाराचं निदान नव्हतं. हूड, न आवरणारा पोरगा म्हणून त्याला ब्राइसमध्ये ठेवलं होतं. त्याची मावशी त्याच रुग्णालयात कामाला होती. राज्याचे मानसिक आरोग्य आयुक्त होते डॉ. स्टोनवॉल स्टिकनी, म्हणून खटल्याचं नाव पडलं 'वायट विरुद्ध स्टिकनी'. पुढे आयुक्त बदलत गेले तसं प्रतिवादीचं नावही बदलत गेलं: अ‍ॅडरहोल्ट, हार्डिन, आयर्लंड, आणि शेवटी सॉयर. वादी मात्र वायटच राहिला.

सुरुवातीला हा नोकरकपातीचा वाद होता. न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्यासमोर तो आला आणि त्याची दिशा बदलली. कुणाला नोकरीवर ठेवायचं हा खात्याचा अधिकार, त्यात न्यायालय फारसं पडणार नाही, हे उघड होतं. कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्या मागे घेतल्या. रुग्णांचा प्रश्न तेवढा उरला: ज्याला त्याच्या मर्जीविरुद्ध, 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून कोंडलं आहे, त्याला उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे की नाही? ही कल्पना नवी नव्हती. मॉर्टन बर्नबॉम हे डॉक्टरही होते आणि वकीलही. त्यांनी १९६० मध्येच अमेरिकन वकील संघटनेच्या नियतकालिकात 'उपचारांचा हक्क' मांडला होता. पण एखाद्या राज्याची अख्खी यंत्रणा त्या कसोटीवर तपासली जाण्याची ही पहिलीच वेळ.

१२ मार्च १९७१ चा निकाल थोडक्यात असा: उपचारांचं कारण देऊन माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं आणि मग उपचारच द्यायचे नाहीत, हे कायदेशीर प्रक्रियेच्या मुळावरच घाव घालणारं आहे. मनुष्यबळ नाही, सोयी नाहीत, पैसा नाही ही सबब चालणार नाही. राज्याला सहा महिने दिले गेले. सहा महिन्यांनी राज्याने जे सादर केलं त्याने न्यायालयाचं समाधान झालं नाही. दरम्यान खटल्याची व्याप्ती वाढली होती. सीअर्सी हे दुसरं मनोरुग्णालय आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची पार्टलो ही संस्थाही त्यात आली.

पार्टलोमध्ये जे उघडकीला आलं ते वाचताना हात थबकतो. अपुरं मनुष्यबळ, देखरेखीचा अभाव आणि क्रूरता यांमुळे चार जणांचा मृत्यू झाल्याची नोंद न्यायालयीन कागदपत्रांत आहे. एकावर दुसऱ्या रुग्णाने कढत पाणी सोडलं होतं. एकाचा जीव गेला तो त्याला स्वच्छ करणाऱ्या 'कामकरी रुग्णा'च्या हातून. एकाने नीट कुलूपबंद न ठेवलेली औषधं खाल्ली. या नोंदींमध्ये 'कामकरी रुग्ण' हा शब्द येतो तिथे थांबायला हवं. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, फरशी पुसणं ही कामं परिचर नाहीत म्हणून थांबत नाहीत. ती कुणीतरी करतंच, आणि मोठ्या संस्थांमध्ये ती थोडे बरे असलेले रुग्ण करत होते. पगाराविना, प्रशिक्षणाविना, पाण्याचं तापमान किती असावं हे कुणी न सांगता. अंदाजपत्रकातल्या बचतीची किंमत तिथे अशी चुकवली जात होती. पार्टलोची स्थिती पाहून जॉन्सन यांनी मार्च १९७२ मध्ये तातडीचा आदेश काढला: तीस दिवसांत ३०० परिचर भरा, नोकरभरतीचे नेहमीचे नियम आडवे येत असतील तर ते बाजूला ठेवा.

१३ एप्रिल १९७२ ला सविस्तर मानकं आली. न्यायालयाने चांगल्या मनोरुग्णालयाच्या तीन अटी ठरवल्या: माणसासारखं राहता येईल असं वातावरण, पुरेशा संख्येने पात्र कर्मचारी, आणि प्रत्येक रुग्णासाठी त्याची स्वतःची उपचार-योजना. मग या अटी फूट-इंचांत उतरवल्या. सामायिक खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, माणशी किमान ८० चौरस फूट जागा, आठ जणांमागे एक संडास, पंधरा जणांमागे एक न्हाणीघर. रुग्णाकडून संस्थेचं काम सक्तीने करून घ्यायचं नाही. तो राजीखुशीने करत असेल तर त्याला किमान वेतन द्यायचं.

मनुष्यबळाचा तक्ता दर २५० रुग्णांमागे होता: २ मनोविकारतज्ज्ञ, ४ इतर डॉक्टर, १२ नोंदणीकृत परिचारिका, ६ सहायक परिचारिका, डॉक्टरेट असलेला १ मानसशास्त्रज्ञ, पदव्युत्तर पदवीचे २ आणि पदवीधर ५ समाजसेवक, आणि परिचरांच्या तीन श्रेणींत मिळून ९२ जण, त्यातले ७० सर्वांत खालच्या श्रेणीचे. याशिवाय सफाई, स्वयंपाक, कारकुनी यांचे आकडे वेगळे. हाच तक्ता ब्राइसच्या ५,००० रुग्णांना लावला तर ४० मनोविकारतज्ज्ञ, ८० डॉक्टर आणि २४० परिचारिका होतात. ज्या ठिकाणी एकही मान्यताप्राप्त मनोविकारतज्ज्ञ उपचारांत नव्हता, तिथे हा आकडा अवाच्या सवा वाटणारच. राज्यकर्त्यांना तो तसाच वाटला.

पण हा तक्ता उधळपट्टीचा होता का? पाळ्यांचं गणित करून पाहू. एक जागा चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास होतात. एक माणूस ४० तास काम करतो, म्हणजे एका जागेला ४.२ माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की हिशेब पाचावर जातो. आता २५० रुग्णांमागच्या १२ परिचारिकांना पाचने भागा. कुठल्याही एका क्षणी वॉर्डांत सरासरी दोन किंवा तीन परिचारिका हजर. सर्वांत खालच्या श्रेणीचे ७० परिचर म्हणजे एका वेळी चौदा, दर अठरा रुग्णांमागे एक. दिवसा जास्त माणसं लागतात, म्हणून रात्री हे प्रमाण आणखी खाली येतं. न्यायालयाने मागितलेली ही किमान पातळी होती, आणि ती पाहून मला तरी ऐषआरामाचा भास होत नाही. रात्री एखादा रुग्ण बिथरला आणि त्याला शांत करायला दोघं गेली, की त्यांच्या वाट्याच्या बाकीच्या पस्तीस जणांकडे कोण बघतं, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

हे गणित मुद्दाम इथे मांडलं, कारण मनोरुग्णालयाच्या मनुष्यबळाबद्दल बोलताना मंजूर पदांची संख्या सांगितली जाते आणि ऐकणाऱ्याला वाटतं तेवढी माणसं वॉर्डात उभी आहेत. मंजूर पदांतून रिक्त पदं वजा करा, उरलेल्यांना पाचने भागा, त्यातून कार्यालयात बसवलेले, न्यायालयात किंवा दुसऱ्या रुग्णालयात रुग्णाबरोबर गेलेले वजा करा. मग जो आकडा येतो तो रुग्णाच्या वाट्याला येतो.

राज्याने अपील केलं. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या बाजूचा एक युक्तिवाद असा होता की मनोरुग्णालयात माणसं ठेवण्याचं मुख्य कारण उपचार नसून सांभाळ हे आहे, ज्यांना स्वतःची काळजी घेता येत नाही त्यांची आणि त्यांच्या कुटुंबाची ती सोय आहे. दुसरा युक्तिवाद पैशाचा: न्यायालय असे आकडे लादून राज्याचं अंदाजपत्रकच लिहायला बसलं आहे, हा विधिमंडळाचा अधिकार आहे. दुसऱ्या मुद्द्यात दम होता, हे मान्य करायला हवं. सिगारेटचा कर किती आणि तो कुठे जाणार हे निवडून आलेल्यांनीच ठरवायचं असतं. पण कोंडून ठेवलेल्या माणसांची बाजू मतपेटीतून कधी पुढे येत नाही, हेही तितकंच खरं. दरडोई रुग्णखर्चात अलाबामा एके काळी अमेरिकेच्या पन्नास राज्यांत पन्नासावं होतं आणि रुग्णाच्या दिवसभराच्या जेवणावर ५० सेंटहून कमी खर्च होत होता. याला निवडणुकीत कुणी जबाबदार धरलं नव्हतं. ८ नोव्हेंबर १९७४ ला अपील न्यायालयाने, न्यायाधीश जॉन मायनर विस्डम यांच्या लेखणीतून, उपचारांचा हक्क कायम केला. सांभाळाचा युक्तिवाद फेटाळताना त्यांनी दाखवून दिलं की सांभाळायचं म्हटलं तरी तोही पुरेसा आणि माणुसकीचा असावा लागतो.

रुग्णांनी खटला जिंकला. पुढे काय झालं, हा या प्रकरणाचा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

कुठलंही प्रमाण दोन बाजूंनी सुधारता येतं. माणसं भरून अंश वाढवता येतो, नाहीतर रुग्ण कमी करून छेद घटवता येतो. दुसरा मार्ग स्वस्त आणि जलद. अलाबामात भरती झाली, खर्चही वाढला, पण रुग्णसंख्या त्याहून वेगाने खाली आली. हे वाईटच झालं असं म्हणणं चूक ठरेल. न्यायालयाच्याच नोंदीप्रमाणे ब्राइसमधल्या ५,००० पैकी १,५०० ते १,६०० जण केवळ वृद्ध होते, मानसिक आजारावरच्या उपचारांसाठी आलेले नव्हते. आणखी सुमारे १,००० जणांना बौद्धिक अक्षमता होती. निम्मं रुग्णालय चुकीच्या जागी होतं. रिकी वायट स्वतः चुकीच्या जागी होता. त्यांना बाहेर काढणं हा न्यायच होता, आणि कमीत कमी बंधनं असलेल्या जागी राहण्याचा हक्क तर १९७२ च्या मानकांतच लिहिलेला होता.

प्रश्न उरतो तो पैशाचा. रुग्ण बाहेर पडला की त्याच्यावर रुग्णालयात होणारा खर्च त्याच्यामागे जातो का? इथे फेडरल कायद्याचा एक तपशील निर्णायक ठरला. गरिबांच्या उपचारखर्चासाठीच्या १९६५ च्या मेडिकेड योजनेने मनोरुग्णालयातल्या ६५ पेक्षा कमी वयाच्या रुग्णांचा खर्च द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. तोच माणूस वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहात गेला तर केंद्राचा वाटा मिळतो. राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने मनोरुग्णालयातला प्रत्येक प्रौढ रुग्ण म्हणजे पूर्ण आपल्या अंगावरचा खर्च, आणि बाहेर दुसऱ्या नावाच्या संस्थेत तोच खर्च वाटला जातो. हा कल अमेरिकेच्या सगळ्याच राज्यांत होता. अलाबामात त्याला न्यायालयाच्या प्रमाणाची जोड मिळाली. वायट खटल्याचा आदेश संस्थांच्या भिंतींच्या आतल्या मनुष्यबळाबद्दल तपशिलाने बोलत होता. बाहेर पडलेल्या माणसाला भेटायला गावोगाव किती परिचारिका आणि समाजसेवक हवेत, याचा तसा तक्ता त्यात नव्हता. माझ्या मते या निकालाची मोठी उणीव हीच, आणि ती १९७२ साली दिसणं कठीण होतं.

भिंतींच्या आतही सगळं सुरळीत नव्हतं. १९७९ मध्ये न्यायालयाला पुन्हा म्हणावं लागलं की आदेशांचं पालन होत नाही, आणि जॉन्सन यांनी नवे गव्हर्नर फॉब जेम्स यांनाच या यंत्रणेचे रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने कारभार पाहणारे, नेमलं. म्हणजे जो राज्याचा प्रमुख, तोच या खात्यापुरता न्यायालयाला उत्तरदायी. जॉन्सन वरच्या न्यायालयात गेल्यावर खटला न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांच्याकडे आला. १९८२ मध्ये 'यंगबर्ग विरुद्ध रोमियो' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सौम्य केली: तज्ज्ञांनी आपल्या व्यावसायिक निर्णयानुसार पावलं उचलली असतील तर न्यायालयाने त्यात सहसा ढवळाढवळ करू नये. त्याचा आधार घेऊन राज्याने जुने आकडे सैल करून घ्यायचा प्रयत्न केला. १९८६ मध्ये तडजोड झाली. रुग्णालयांनी राष्ट्रीय पातळीवरची मान्यता मिळवायची आणि टिकवायची असं ठरलं. अखेर डिसेंबर २००३ मध्ये थॉम्पसन यांनी खटला बंद केला.

या ३३ वर्षांत जे मिळालं ते मोठं आहे. सक्तीची मजुरी थांबली, प्रत्येक रुग्णाची लेखी उपचार-योजना ही अपवादाची गोष्ट राहिली नाही, मनुष्यबळाला किमान मर्यादा असते हे तत्त्व अमेरिकेतल्या इतर राज्यांच्या कायद्यांत गेलं. पार्टलो २०११ मध्ये बंद झालं, सीअर्सी २०१२ मध्ये. १८६१ साली उघडलेल्या ब्राइसची जुनी इमारत अलाबामा विद्यापीठाने घेतली आणि २०१४ मध्ये रुग्णालय २६८ खाटांच्या नव्या वास्तूत गेलं. एके काळी ५,००० माणसं जिथे होती तिथे आज इतक्या खाटा पुरतात की नाही, हे बाहेरच्या सेवा किती भक्कम आहेत यावर अवलंबून आहे, आणि त्या मोजायला वायटच्या तक्त्यासारखं काही हाताशी नाही.

आणखी एक गोष्ट या प्रकरणाच्या हिशेबात धरावी लागते. २०१७ च्या जून महिन्यात अलाबामाच्याच तुरुंगांमधल्या मानसिक आरोग्यसेवेबद्दल 'ब्रॅग्ज विरुद्ध डन' या खटल्यात ३०२ पानी निकाल आला. न्यायाधीश तेच, मायरन थॉम्पसन. सेवा भयंकर अपुरी असून ती राज्यघटनेचा भंग करते, असा निष्कर्ष होता. मुळाशी असलेल्या कारणांत त्यांनी अपुऱ्या मनुष्यबळाला, मानसोपचार कर्मचाऱ्यांच्याही आणि पहारेकऱ्यांच्याही टंचाईला, अग्रस्थान दिलं. सुनावणी चालू असताना ज्या कैद्याने आपल्या आजाराबद्दल साक्ष दिली होती, त्याने थोड्याच दिवसांत तुरुंगात आत्महत्या केली. तुरुंगातली ही माणसं म्हणजे ब्राइसमधून बाहेर पडलेलीच माणसं, असं म्हणायला आधार नाही. पण कोंडून ठेवणारं राज्य तेच होतं आणि कोंडलेल्या आजारी माणसामागे किती कर्मचारी हवेत हा प्रश्नही तोच. पहारेकऱ्यांच्या भरतीसाठी २०१८ मध्ये फेब्रुवारी २०२२ ही मुदत घालून देण्यात आली होती. तेवढी माणसं भरली गेली नाहीत. डिसेंबर २०२१ च्या आदेशाने ती मुदत १ जुलै २०२५ पर्यंत पुढे ढकलली.